साडूची तोफ

चष्मेवाल्याला आयुष्यात दोनच दुःखं होती. पहिलं म्हणजे साडू. दुसरं म्हणजे साडू स्वभावाने चांगला होता, त्यामुळे पहिल्या दुःखाबद्दल कोणाकडे बोलायची सोय नव्हती.

वाईट साडू मिळायलाही नशीब लागतं. उधळ्या, तोंडाळ, जेवताना मचमच आवाज करणारा साडू मिळाला असता तर चष्मेवाल्याचा संसार सुखाचा झाला असता. पण धाकट्या मेहुणीने शोधला तो कवळ्या बनवणारा. दिवसभर दंतवैद्यांसाठी खोटे दात ओतायचा आणि संध्याकाळी स्वतःचे खरे दात दाखवत हसायचा. मेहुणी त्याला 'अरे' म्हणायची. चष्मेवाल्याची बायको चष्मेवाल्याला 'अहो' म्हणायची, आणि त्या 'अहो'त एवढी जरब असायची की त्यापेक्षा 'अरे' परवडलं असतं.

चष्मेवाल्याचं स्वतःचं म्हणावं असं एकच होतं. तोफा.

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत तो काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. दिवसभर दशांश मिलिमीटरशी हुज्जत. म्हणून घरी आल्यावर पट्टीलाही हात लावायचा नाही, असा त्याचा नेम होता. रविवारी सकाळी मात्र स्वयंपाकघर त्याचं. खिडक्या सताड उघडायच्या, ओट्यावर फरशीचा तुकडा ठेवायचा, गॅसवर पळीत कथील वितळवायचं आणि रबराच्या साच्यात ओतून तळहातावर मावतील अशा तोफा काढायच्या. हे साचे छंदाच्या दुकानात मिळतात. गुलाबी रबराचे दोन अर्धे भाग, मिटले की आत तोफेच्या आकाराची पोकळी. आत पावडर भुरभुरायची (बायकोची, तोंडाला लावायची, तिला न सांगता), दोन फळ्यांमध्ये दाबून रबरबँड चढवायचे आणि वरच्या भोकातून धातू सोडायचा.

पहिल्या तीन-चार तोफा आजारीच जन्मायच्या. साचा थंड असला की धातू वाटेतच गोठतो, मग कोणाला तोंड नाही, कोणाला शेपटाकडचा गोळा नाही. त्या परत पळीत टाकायच्या. चष्मेवाल्याला हे फार आवडायचं. केलेली चूक वितळवून पुन्हा ओतता येते, असा दुसरा प्रांत त्याच्या आयुष्यात नव्हता. लग्नात तर नव्हताच.

विकतच्या साच्यांचा कंटाळा आल्यावर त्याने स्वतःची तोफ घडवली. सागाचा दांडा ड्रिलला लावून फिरवला, कानशीने सहा कडी काढली, त्या लाकडी नळीवरून साचा केला आणि पहिली धड तोफ सासऱ्यांना नेऊन दाखवली.

सासरे छत्तीस वर्षं ओतशाळेत लाकडी नमुने करायचे. म्हणजे कुठलंही यंत्र ओतायचं तर आधी त्याचं लाकडी रूप यांच्या हातून निघणार, मग धातूची पाळी. त्यांनी तोफ उलटीपालटी केली आणि म्हणाले, "बरी आहे."

ओतशाळेतली माणसं हे दोन शब्द ऐकायला निवृत्तीपर्यंत थांबायची. चष्मेवाला आठवडाभर जमिनीपासून चार बोटं वर चालला. तिसऱ्या दिवशी साडूने नवीन घर घेतलं, तर चष्मेवाल्याने तीच तोफ पुन्हा ओतून भेट म्हणून नेली. आपली तोफ साडूच्या बैठकीत साडूच्या डोळ्यांसमोर कायम राहावी, एवढाच त्यामागे प्रेमळ हेतू.

"व्वा! साडूभाऊ, ही तुम्ही घरी केली?" साडू म्हणाला. "शिकवा ना मला."

चष्मेवाल्याने शिकवलं. इथेच तो मेला.

कारण साडूकडे काय नव्हतं? दातांचे साचे घेणाऱ्या माणसाकडे रबर होतं, साचा थरथरवून बुडबुडे काढणारं यंत्र होतं, मण्याएवढ्या वस्तूला चकाकी आणणारे ब्रश होते. चष्मेवाला तीन वर्षं पळी हलवून जे शिकला, ते साडूने तीन रविवारांत उरकलं. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, पण ही तिखट होऊन वर सगळ्यांना गोडही लागत होती.

आता सासऱ्यांचा किल्ला.

गेली दोन वर्षं सासऱ्यांच्या घरात सगळे मांडीवर ताट घेऊन जेवायचे, कारण जेवणाच्या टेबलावर किल्ला होता. लाकूड आणि प्लास्टर, बारा बुरूज, पायऱ्या मोजून घ्याव्यात अशा. तो गावातल्या वाचनालयाच्या दर्शनी दालनात काचेखाली ठेवला जाणार होता. अकरा बुरुजांवर सासऱ्यांनी विकतच्या साच्यातल्या चिमुकल्या तोफा बसवल्या होत्या. मुख्य बुरूज रिकामा होता.

"मुख्य तोफ जावयांपैकी एकाची," सासऱ्यांनी एका रविवारी जाहीर केलं. "शेजारी पितळी पट्टी. तिच्यावर करणाऱ्याचं नाव."

चष्मेवाला मनातल्या मनात हिशेबाला लागला. वाचनालयात पितळी पट्टी! म्हणजे आपण गेल्यावरही नाव राहणार, आणि नाही मिळाली तर साडू गेल्यावरही साडूचं राहणार.

"केवढी हवी, बाबा?" साडूने विचारलं.

सासऱ्यांनी तळहात आडवा धरला. "एवढी. या रुंदीची."

"मिलिमीटरमध्ये?"

"माप सांगितलं की माणूस माप करतो, तोफ करत नाही. आणा करून पुढच्या रविवारी."

चष्मेवाला मनात हसला. त्याची सहा कड्यांची तोफ बरोब्बर तळहाताएवढी होती, आणि ती 'बरी' असल्याचं अधिकृतपणे सांगून झालेलं होतं. परीक्षेआधीच पेपर सोडवून बसल्यासारखं त्याला वाटलं.

पुढच्या रविवारी त्याने आपली तोफ टेबलावर ठेवली. सासऱ्यांनी मान हलवली. मग साडूने खिशातून मऊ फडकं काढलं, उलगडलं, आणि आतून जे निघालं ते बघून चष्मेवाल्याला आपली तोफ म्हणजे हँडल तुटलेल्या कुकरचा अवशेष वाटायला लागली. साडूच्या नळीच्या तोंडाशी कमळासारख्या पाकळ्या होत्या. कडी सातच होती, पण अशी की मोजावीशी वाटत होती. आणि चकाकी! मेहुणीने त्यात बघून कपाळावरचे केस सारखे केले.

सासऱ्यांनी ती उचलली. बोटाने एकेक पाकळी चाचपली. मग म्हणाले, "छान."

बायकोने बहिणीकडे बघितलं. या घरात 'छान' हा शब्द आहे हेच कोणाला माहीत नव्हतं. दोघी मुलींच्या लग्नांतही 'व्यवस्थित झालं' यावर भागवलं होतं.

"छान म्हणाले," चष्मेवाला पुटपुटला.

"ऐकलं आम्ही," बायको म्हणाली. "चेहरा नीट करा. लिंबू चावल्यासारखा झालाय."

सासऱ्यांनी सवयीने दोन्ही नळ्या कॅलिपरमध्ये धरल्या आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलं: थोरले नव्वद, धाकटे एकोणनव्वद. लिहिताना त्यांची एक भुवई जराशी वर गेली. पण चष्मेवाल्याचं लक्ष आकड्यावर होतं. आपली एकाने जास्त! कुठेतरी, कशात तरी, साडूपेक्षा जास्त!

"बुरुजाचं प्लास्टर ओलं आहे," सासरे म्हणाले. "बसवून बघायचं पुढच्या रविवारी. तोवर नळ्यांना गाडे हवेत, चाकांचे."

आणि चष्मेवाल्याच्या तोंडून निघून गेलं, "मी करतो दोन्हींचे. द्या इकडे."

"साडूभाऊ, किती करता हो माझ्यासाठी!" साडू गहिवरला.

"भावोजी म्हणजे ना, देवमाणूस," मेहुणी म्हणाली.

देवमाणूस दोन्ही तोफा घेऊन घरी आला आणि लगेच साडूच्या तोफेवरून साचा काढायला बसला. चोरी नव्हे. अभ्यास. एखादं कडं कमी करायचं, पाकळ्या जरा बदलायच्या, आणि 'छान' म्हणण्याजोगी तोफ आपल्या नावावर आणायची, एवढाच अभ्यास. हा साचा कशासाठी चाललाय, असं बायकोने विचारलंही.

"गाड्यासाठी माप घेतोय."

"माप घ्यायला रबर ओततात? उद्या टेलर मला डांबरात उभी करेल."

साचा सुकला, धातू ओतला, पाचव्या खेपेला नळी अख्खी निघाली. मग तिच्यावर त्याने दुकानातली काच चकाकवायची लाल पूड घासली. तासभर घासली, दोन तास घासली. आणि हळूहळू ती चकाकी आली. तीच! साडूची! यंत्राशिवाय, नुसत्या अंगठ्याने! दोन्ही तोफा शेजारी ठेवून तो मागे सरकला आणि जन्मात पहिल्यांदा साडूच्या बरोबरीला उभा राहिला.

तेवढ्यात बायकोने टेबल पुसायला म्हणून दोन्ही उचलल्या आणि पुन्हा ठेवल्या.

"काय केलंस हे!"

"पुसलं. तुमच्या घरात नवीन आहे का ही प्रथा?"

आता कुठली साडूची आणि कुठली आपली? चष्मेवाल्याने भिंग लावलं. पाकळी न् पाकळी सारखी. त्याने एक हातात घेतली, अंगठा सवयीने नळीच्या पोटाखाली गेला, आणि तिथे, शेपटाच्या गोळ्यालगत, एक चपटी जागा लागली. तांदळाच्या दाण्याएवढी. त्याने दुसरी उचलली. तिथेही.

ही जागा त्याच्या अंगठ्याला पाठ होती. सागाचा दांडा घडवताना कानस सटकली होती आणि नेमका इथे चपटा ओरखडा पडला होता. भरायचा कंटाळा केला, म्हणून त्याच्या प्रत्येक तोफेच्या पोटाखाली तो होता. साडूला भेट दिलेल्या तोफेच्याही.

चष्मेवाला खुर्चीत बसला. म्हणजे साडूने माझ्याच तोफेवरून साचा काढला! वर पाकळ्या डकवल्या, एक कडं वाढवलं, पॉलिश मारलं, आणि 'छान' घेऊन गेला! गेले कित्येक दिवस ज्या तोफेवर आपण जळत होतो ती आपलीच होती!

"अगं, चोर सापडला!" तो ओरडला.

"कुठे?" बायको लाटणं घेऊन आली. तिला समजावून सांगायला वेळ लागला. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे त्यांनी तुमची उचलली आणि तुम्ही त्यांची उचललीत."

"मी अभ्यास केला."

"मग त्यांनीही केला असेल. एकाच शाळेतले दिसता."

या बाईला न्यायबुद्धी नाही, असं ठरवून तो बेत आखायला लागला. रविवारी सगळ्यांसमोर दोन्ही तोफा उलट्या करायच्या, चपटी जागा दाखवायची, बास. बाकी काही बोलायचं नाही, लोकांना बोलू द्यायचं. आपण काढलेल्या नकलेचा तर प्रश्नच येत नव्हता. फक्त साडूची कुठली ते ठरवून तेवढी परत न्यायची. त्याने दोन्ही पुन्हा उजेडात धरल्या. एक किंचित जास्त चांगली होती. डोळ्यांच्या धंद्यात पंधरा वर्षं काढलेल्या माणसाने एक क्षणही विचार न करता ठरवलं, की जास्त चांगली ती आपली.

कमी चांगलीला साडूचा गाडा लावला. जास्त चांगली घरी ठेववेना, म्हणून खिशात टाकली.

रविवारी प्लास्टर खडखडीत वाळलेलं होतं. सासऱ्यांनी आधी चष्मेवाल्याची तोफ गाड्यावरून उचलून बुरुजाच्या खाचेत ठेवली. बसेना. शेपूट भिंतीवर टेकलं, तोंड आभाळाकडे.

"पाखरं मारायची आहेत का?" मेहुणी म्हणाली.

"एक मिलिमीटर जास्त," सासरे म्हणाले.

चष्मेवाल्याने घसा साफ केला. आता उलटी करायची वेळ आली होती. "बाबा, बसते की नाही बघण्याआधी मला एक गोष्ट सगळ्यांना दाखव..."

"थांबा." सासऱ्यांनी साडूची तोफ खाचेत ठेवली. ती आत गेली आणि खुळखुळली. त्यांनी पुन्हा हलवली. खुळखुळ. कॅलिपर आला. कॅलेंडर आलं. सासऱ्यांनी चष्मा कपाळावर नेला, पुन्हा नाकावर आणला.

"गेल्या रविवारी एकोणनव्वद होती. आज अठ्ठ्याऐंशी."

"थंडीने?" साडूने प्रामाणिकपणे विचारलं.

"ओतलेला धातू थंड होताना आक्रसतो, हे खरं," सासरे म्हणाले. "पण एकदाच. साच्यात. नंतर आठवडाभर बसून आक्रसत नाही, माणसासारखा." ते सावकाश थोरल्या जावयाकडे वळले. "धातूचं रबर-साच्याशी असं असतं, की नमुना नव्वदाचा असला तर ओतलेली वस्तू एकोणनव्वदची निघते. आणि त्या ओतलेल्या वस्तूवरूनच कोणी परत साचा काढला, तर?"

बायकोने कपाळाला हात लावला.

"तर अठ्ठ्याऐंशी," सासरे म्हणाले. "आम्ही ओतशाळेत नमुना मुद्दाम मोठा करायचो. छत्तीस वर्षं तेच केलं मी. एकोणनव्वदची कुठे आहे?"

चष्मेवाल्याचा हात आपोआप खिशाकडे गेला. सासऱ्यांनी तळहात पुढे केला. तोफ त्यावर ठेवताना चष्मेवाल्याला सबंध आयुष्यात इतकं लहान कधी वाटलं नव्हतं. निदान एक मिलिमीटरने.

सासऱ्यांनी तिन्ही नळ्या ओळीने मांडल्या. "ही आजी. ही मुलगी. ही नात." मग त्यांनी आजी आणि मुलगी उलट्या केल्या, दोघींच्या पोटाखालून नख फिरवलं आणि धाकट्या जावयाकडे बघितलं. "ही मुलगी कोणाच्या घरून आली, धाकटे?"

साडूने वाकून ती चपटी जागा पाहिली. मग तो म्हणाला, "साडूभाऊंच्या. त्यांनी दिलेल्या तोफेवरूनच साचा काढला मी. इतकी आवडली होती ना! पाकळ्या तेवढ्या माझ्या. विचारायचं राहूनच गेलं. चुकलं, साडूभाऊ."

झालं. संपलं. इतका मोठा गुन्हा, आणि हा माणूस त्याच्यातून शिंक आल्यासारखा मोकळा झाला! चष्मेवाल्याने आठवडाभर पाठ केलेलं मौन वाया गेलं.

"अरे, एवढं खरं बोलायला पण धीर लागतो," मेहुणी कौतुकाने म्हणाली. चष्मेवाल्याला वाटलं, आता याचीही पितळी पट्टी करा.

सासऱ्यांनी मधली तोफ उचलून खाचेत ठेवली. टक. जणू बुरूज तिच्यासाठीच उभा होता. "किल्ल्याला हीच बसते. आता नाव कोणाचं, ते तुम्ही दोघं ठरवा. मी चहा घेतो, तोवर."

पितळी पट्टी टेबलावर कोरीच पडली होती. दोन्ही बहिणी खुर्च्या ओढून समोर बसल्या, नाटकाला बसावं तशा.

"यात ठरवायचं काय?" साडू म्हणाला. "तोफ तुमची. मी नुसती नक्कल केली. तुमचंच नाव कोरायचं, साडूभाऊ."

चष्मेवाल्याच्या छातीत काहीतरी उमललं. मिळालं! पट्टी, वाचनालय, काच, सगळं! तो 'हो' म्हणायला तोंड उघडणार, तोच मेहुणीचे भरून आलेले डोळे त्याला दिसले. "बघ ना ताई, किती मोठं मन आहे याचं."

"आहे बाई," बायको म्हणाली. आणि तिने चष्मेवाल्याकडे नुसतं बघितलं.

त्याला लख्ख दिसलं. पट्टीवर नाव आपलं, पण लोक काय म्हणणार? त्या धाकट्याने सोडून दिलं म्हणून थोरल्याला मिळालं. दालनात येणारा जाणारा ती गोष्ट सांगणार. नाव माझं, मन याचं!

"छे छे," चष्मेवाला म्हणाला. "बसली ती तुमची. चकाकी तुमची, पाकळ्या तुमच्या. तुमचंच नाव."

"असं कसं? मूळ तुमचं."

"मूळ कोण बघतं? पाकळ्या बघतात लोक."

"साडूभाऊ, मला लाजवू नका."

"मी लाजवतोय? तुम्ही मला लाजवताय! मी थोरला आहे, द्यायचं काम माझं!"

"पण देण्यासारखं मूळ माझ्याकडे नाहीच, तर मी घेऊ कसं?"

"घ्या म्हटलं ना!" चष्मेवाला उभाच राहिला. आवाज चढला होता, कपाळावर घाम होता. बायकोच्या नजरेत कौतुकाचा बारीक ठिपका उमटलेला त्याने पाहिला, आणि आता मागे हटणं शक्य नव्हतं. साडू अजून एकदा नाही म्हणेल, मग आपण अजून एकदा, मग तो, आणि शेवटी सगळ्यांच्या देखत, अगदी नाइलाजाने, आपण मान खाली घालू. "माझी शपथ आहे तुम्हाला! तुमचंच नाव!"

साडूने त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यांत आदर होता.

"बरं," साडू म्हणाला.

चष्मेवाला थांबला. पुढचं वाक्य येईल म्हणून थांबला. ते आलं नाही.

"ठरलं?" सासऱ्यांनी कप खाली ठेवला आणि छिन्नी उचलली. या माणसाने दोन वर्षांत किल्ल्याचा एकही जिना घाईने केला नव्हता, पण आत्ता त्याने पट्टीवर पेन्सिलीने अक्षरं आखूनही टाकली. साडूचं नाव चांगलं लांबलचक होतं. पट्टी काठोकाठ भरली.

"शेवटी जिंकलात तुम्ही," बायको त्याच्या कानाशी म्हणाली. ती टोमणा मारत होती की खरंच म्हणत होती, हे लग्नाला बारा वर्षं झाली तरी त्याला ओळखता यायचं नाही.

"थोरले, इकडे या," सासऱ्यांनी हाक मारली. "ही पट्टी धरा घट्ट. हलली तर अक्षर वाकडं जाईल."

चष्मेवाल्याने दोन्ही हातांनी पट्टी धरली. छिन्नी टेकली, हातोडी वर गेली. एवढासा धक्का पुरला असता. केसाएवढा. साडूचं पहिलं अक्षर जन्मभर काचेखाली लंगडत राहिलं असतं, आणि काच सील केल्यावर कोणाला दुरुस्तही करता आलं नसतं. त्याच्या अंगठ्यात ती हालचाल तयार होऊन बसली होती.

पण मग लोकांनी विचारलं असतं, अक्षर वाकडं का? आणि साडूने हसत, मोठ्या मनाने, सांगितलं असतं, "असू दे हो, साडूभाऊंनी धरली होती."

त्याने श्वास रोखला आणि पट्टी अशी धरली की टेबल हललं, पण ती हलली नाही. अक्षरामागून अक्षर उमटत गेलं. शेवटच्या काना-मात्रेपर्यंत सरळ, खोल, सारखं. सासऱ्यांनी पितळेचा भुसा फुंकला आणि पट्टी उजेडात धरली.

"छान," ते म्हणाले.

"थँक यू, बाबा," साडू म्हणाला.